सांचीचं वजन

रूपालीच्या हातची आमटी पातळ असली तरी पातळ लागत नाही, असं तिचे सासरे शहादेव गावभर सांगत फिरायचे. नांदूरघाटापासून तीन-चार किलोमीटर आत असलेल्या त्या गावात सुनेचं कौतुक असं उघड्यावर करणारे तेच एक. आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवरा प्रवीण केजला सेंटरिंगच्या कामावर जायचा. काम लागलं तर पंधरा दिवस सलग, नाहीतर आठ-आठ दिवस घरी बसून. तेवढ्यात चार माणसांचं पोट भरायचं, आणि नुसतं भरायचं नाही, खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे, हे रूपालीनं मनाशी धरलं होतं. रेशनवर गहू-तांदूळ मिळायचे, ज्वारी विकत घ्यावी लागायची. तूरडाळ परवडेना तेव्हा ती महिन्यातून दोनदाच करायची असं तिनं ठरवलं आणि बाकीचे दिवस हुलगा, मटकी, चवळी यांवर आलटून पालटून भागवलं. परसात शेवग्याचं झाड होतं. शेंगा विकायच्या आणि पाला घरात वापरायचा. बांधावरचा तांदुळजा, हिवाळ्यात करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचा पाला, जे उगवेल ते ती खुडून आणायची. बाजारच्या दिवशी आठवड्याला चार अंडी आणायची. तिच्या वाट्याचं अंडं बहुतेक वेळा पोरीच्या ताटात जायचं.

पोरीचं नाव सांची. वय चार वर्षं, डोळे टपोरे, बोलण्यात कुणाला हार न जाणारी.

रूपाली गावातल्याच अंगणवाडीत मदतनीस होती. ही नोकरी तिला मिळाली ती शहादेवांमुळे. जागा निघाली तेव्हा प्रवीण म्हणाला होता, "चाळीस पोरांची भांडी घासायला जायचं का आता?" भावकीतल्या बायकांनीही तोंडं वाकडी केली. दुसऱ्या दिवशी शहादेवांनी धुतलेली टोपी घातली, सुनेला म्हणाले, "चल, कागदं घे," आणि तिला घेऊन तालुक्याला गेले. तीस वर्षं आडत बाजारात पोती वाहून त्यांची कंबर कामातून गेलेली. तरी झेरॉक्सच्या दुकानापुढं, मग कचेरीत, असे चार तास ते तिच्यासोबत उभे राहिले. अर्ज घेणाऱ्या बाबूनं एक कागद कमी आहे म्हणून परत पाठवलं, तर ते त्याला म्हणाले, "साहेब, माझी सून बारावी हाय. तिला ह्यो कागद मिळूस्तोवर मी हितंच बसतो." आणि खरंच बसून राहिले.

ही गोष्ट रूपाली कधी विसरली नाही. अडचण त्याचीच झाली.

सांची दीड वर्षाची असताना शहादेवांच्या पत्नी, सिंधुबाई, वारल्या. म्हातारं माणूस दिवसभर अंगणात बाजेवर बसून राहायचं. जेवायला बोलावलं तर उठायचं, नाहीतर तसंच बसून. एक दिवस सांची रडत होती म्हणून त्यांनी तिला काखेत घेतलं आणि बंकटच्या दुकानापर्यंत नेलं. तिथं दोरीला लटकलेल्या रंगीत पाकिटांकडं पोरीनं हात केला. पाच रुपयांचं कुरकुरीत खाऊचं पाकीट. पोरगी गप्प झाली, हसली, आजोबाच्या मिशीला तिखट-पिवळा हात लावला. त्या दिवशी शहादेवही किती दिवसांनी हसले. मग ते रोजचंच झालं. निराधार योजनेची पगार हातात आली की बंकटकडं महिन्याचे पैसे आधीच ठेवायचे आणि रोज नातीला घेऊन जायचं. आधी एक पाकीट, मग दोन.

अंगणवाडीत साडेबाराला जेवण वाढलं जायचं. शहादेव अकरालाच दारात हजर. "आबा आले," म्हणत सांची चटईवरून उठायची. त्या वेळी रूपाली आतल्या खोलीत उसळीला फोडणी देत असायची. खिडकीतून तिला दिसायची ती पांढरी टोपी आणि टोपीला धरून खांद्यावर बसलेली पोरगी. दोघं बंकटच्या दुकानाच्या बाजूला वळायची. तिच्या हातात पळी, पुढं भलामोठा टोप, बाहेर चाळीस पोरं. टोप सोडून धावत जाऊन काय म्हणायचं? "मामा, पोरीला नेऊ नका"? मामा म्हणजे सासरे. ज्यांनी तिला या टोपापर्यंत आणून पोचवलं, त्यांनाच टोपापाशी उभं राहून असं सांगायचं? ती पळी फिरवत राहायची.

घरी संध्याकाळी सांचीपुढं ताट आलं की ती ओठ घट्ट मिटायची. दोन घास पोटात गेले तर खूप. बाकी ताट सरकवून, "मला पोट हाय भरलेलं," असं म्हणून आबाच्या मांडीवर.

रूपालीनं प्रवीणला सांगून पाहिलं. "तुमी तरी बोला की मामांना. दिवसातून दोन-दोन पाकिटं खाती ती. भाकरीकडं बघत बी न्हाई."

प्रवीण मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई गेल्यापासून म्हातारा तेवढ्यावरच तर जगतोय. त्याचं तेवढं बी काढून घेऊ का? तुला बोलायचं तर तू बोल. तुझं लई ऐकतेत ते."

ती बंकटकडंही गेली. "दादा, मामांना पाकीट देऊ नका हो." बंकट माणूस वाईट नव्हता. त्यानं डोकं खाजवलं. "वैनी, मी न्हाई म्हणलं तर फाट्यावरच्या टपरीवर जातेल. कंबर धरून दीड किलोमीटर चालत. त्यापरीस हितं बरं न्हाई का?"

ती तशीच माघारी फिरली.

सप्टेंबरात पोषण महिना आला. तालुक्याला कमी खर्चातल्या पौष्टिक पदार्थांची स्पर्धा होती. अंगणवाडी सेविका मनकर्णाताईंनी रूपालीचं नाव घातलं. रूपालीनं शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठात शेवग्याचा पाला बारीक चिरून घातला, लसूण-जिरं वाटून मळलं, हातावर वळून कडी केली आणि शेंगदाण्याच्या कुटाच्या उकळत्या रश्श्यात सोडली. ताट सजवायला तिच्याकडं काही नव्हतं, म्हणून एक कांद्याची फोड आणि जवसाची चटणी. बाकीच्या बायकांनी गाजराची फुलं, काकडीचे मोर केले होते. पण परीक्षकांनी शेंगोळे खाल्ले आणि आणखी मागितले. पहिला नंबर रूपालीचा. प्रशस्तिपत्र आणि पाच लिटरचा कुकर.

घरी आल्यावर शहादेवांनी प्रशस्तिपत्र दोन्ही हातांत धरून उंबऱ्याशी उजेडात नेलं, एकेक अक्षर लावत वाचलं. मग सांचीला म्हणाले, "चल, तुझ्या आईचा नंबर आलाय. बंकटला दावून येऊ." तासाभरानं परत आले तेव्हा सांचीच्या दोन्ही हातांत पाकिटं होती. "आज दोन ज्यास्ती," शहादेव म्हणाले. "आज सणच हाय आपल्याला." त्यांचे डोळे भरून आलेले. रूपाली चुलीपाशी जाऊन बसली.

त्याच आठवड्यात वजनं झाली. पोरं एकेक काट्यावर चढत होती, रूपाली धरायची, मनकर्णाताई आकडा वाचून मोबाईलमध्ये भरायच्या. सांची चढली. बारा किलो शंभर ग्रॅम. जूनमध्ये बारा-चारशे होतं. ताईंचं बोट मोबाईलवर थांबलं.

"पिवळ्यात जातंय गं," त्या हळूच म्हणाल्या. कमी वजनाचं पोर भरलं की मोबाईलवर पिवळा रंग यायचा.

रूपालीला ठाऊक होतंच. रोज आंघोळ घालताना तिच्या हाताला पोरीच्या फासळ्या लागायच्या. पण ते आकड्यात ऐकल्यावर तिनं काट्याकडं पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

"गुरुवारी सुपरवायझर मॅडम येणारेत," ताई म्हणाल्या. "तुझ्या शेंगोळ्याचा व्हिडिओ करायला. जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकायचा म्हणं. पहिल्या नंबरच्या बाईची पोर पिवळ्यात? तुझं बी हसू आणि माझं बी. तेरा टाकते. पुढच्या महिन्यात वाढंल की."

रूपालीनं सांचीला काट्यावरून खाली घेतलं. ताईंनी तेरा भरलं. मोबाईलवर हिरवा रंग आला. पुढचं पोर काट्यावर चढलं.

ती तेव्हा "नको" म्हणाली असती तर, हे तिनं नंतर पुष्कळ वेळा मनात घोळवलं. एका शब्दाचं काम होतं. पण "नको" म्हटलं की "का पिवळ्यात" हे आलं, आणि त्याचं उत्तर बंकटच्या दुकानापर्यंत आणि मामांच्या टोपीपर्यंत जाऊन पोचायचं.

गुरुवारी मॅडम आल्या. अंगण सारवलेलं, नवा कुकर मुद्दाम मागं दिसेल असा ठेवलेला. शहादेव पांढरं धोतर नेसून बाजेवर ताठ बसले होते. मॅडमनी मोबाईल धरला आणि रूपालीनं पाठ केलेलं सांगितलं, "आमच्या घरी आम्ही रोज पालेभाजी, कडधान्य…" मग सांचीला मांडीवर घेऊन तोंडात शेंगोळं घालायचं होतं. सांचीनं मान फिरवली. पुन्हा केलं. पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी तिनं घास थुंकला आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, पाकीट!"

मॅडम हसल्या. "ते कट करू आपण." शहादेवांना वाटलं, आपली मदत लागतेय. ते उठले, सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं, त्यातला चुरा चिमटीनं शेंगोळ्यावर भुरभुरला आणि म्हणाले, "आता खाईल बघा." सांचीनं तोंड उघडलं. मॅडमनी तेवढंच टिपलं. "छान! एकदम छान!"

व्हिडिओ तीन जिल्ह्यांत फिरला म्हणे. सिरसाळ्याला माहेरीही पोचला, आईचा फोन आला, "नात कशी आवडीनं खाती गं!" रूपाली "हो" म्हणाली. शेजारपाजारच्या बाया पाल्याचं प्रमाण विचारायला यायच्या, ती त्यांना सांगायची, शिकवायची. आपण सांगतोय ते खरं आहे, आपला पदार्थ चांगला आहे, हे तिला माहीत होतं. तरी चोरी पकडली जाईल अशी धाकधूक उरात.

तिनं तिच्या परीनं एक वाट काढली. शेंगदाणे आणि तीळ भाजून गुळात घालायची, बोराएवढे लाडू वळायची आणि पदरात बांधून अंगणवाडीत न्यायची. दहाच्या सुमारास, पोरं गाणी म्हणत असताना, सांचीला आत बोलावून दोन लाडू भरवायची. शहादेव अकराला येण्याआधी. कुणी बघत नाही ना, हे आधी बघायची. आपल्याच पोरीला आपणच असं चोरून खायला घालतोय, याची तिला लाज वाटायची, पण पोरगी खायची. पुढच्या महिन्यात काट्यावर बारा-तीनशे आलं. दोनशे ग्रॅम वाढलं होतं. रूपालीला काट्यापाशीच हुंदका आला.

मनकर्णाताईंचं बोट मात्र पुन्हा मोबाईलवर थांबलं.

"काय झालं?"

"अगं, मागं तेरा भरलंय. आता बारा-तीनशे टाकलं तर सातशे ग्रॅम घटलं असं दावतंय. मॅडमचा फोन येईल. तेरा-एक टाकू?"

म्हणजे पोर वाढली तर आकडा खाली जाणार होता. आणि आकडा राखायचा तर दर महिन्याला एक नवं खोटं. तेरा-एक, मग तेरा-तीन, मग तेरा-पाच. खरी सांची मागं राहायची आणि मोबाईलमधली सांची वाढत जायची. रूपालीनं पोरीकडं पाहिलं. तिनं काट्यावरून उडी मारली होती आणि आईच्या पदराच्या गाठीत लाडू चाचपत होती.

"न्हाई ताई," रूपाली म्हणाली. "बारा-तीनशेच टाका."

"अगं, चौकशी होईल."

"होऊ द्या."

ताईंनी तिच्याकडं पाहिलं. मग बोट दाबलं. पिवळा.

चौकशी आठ दिवसांत आली. मॅडम, त्यांच्यासोबत आरोग्य केंद्राच्या नर्सबाई. मॅडमनी आधी मनकर्णाताईंना बाजूला घेऊन सुनावलं. तेरा कुणी भरलं ते ताईंनी कबूल केलं, पण रूपाली तिथंच होती हे काही सांगितलं नाही. मग सगळ्या मिळून घरी आल्या. दुपारची वेळ. शहादेव बाजेवर, सांची त्यांच्या मांडीवर, हातात पाकीट. नर्सबाईंनी पोरीचा दंड पट्टीनं मोजला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि सहज विचारलं, "आजोबा, हे रोज खाते का?"

शहादेवांना वाटलं, कौतुकानं विचारतायत. ते खुलले. "रोज! दोन. कधी तीन. एकुलती नात हाय, मी कमी न्हाई पडू देत."

"अहो, त्यानंच तर पोर वाळलीय," नर्सबाई म्हणाल्या. "भूक मरते ह्यानं. घरात एवढं चांगलं शिजतंय आणि तुम्ही हे खाऊ घालताय? हे आजपासून बंद."

त्या वाईट हेतूनं बोलल्या नाहीत. रोज दहा घरी त्या हेच सांगत असणार. पण अंगणात शेजारच्या चार बाया जमल्या होत्या, दारात मॅडम उभ्या होत्या. शहादेवांनी एकदा पाकिटाकडं पाहिलं, एकदा नातीच्या बारीक दंडाकडं. त्यांच्या तोंडावरचं हसू उतरून गेलं. त्यांनी सांचीला मांडीवरून खाली ठेवलं.

सगळ्या गेल्या तरी ते बाजेवरच होते. रूपाली उंबऱ्यात उभी होती.

"तुला ठावं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"व्हतं, मामा."

"कवापासून?"

"वरीस झालं."

"मग कावून न्हाई बोललीस?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "त्या परक्या बाईच्या तोंडून कावून ऐकावं लागलं मला?"

"तुमच्यामुळं मी कामाला लागले, मामा. तुमच्यापुढं तोंड उघडंना माझं."

"मी त्या कचेरीत उभा राह्यलो," शहादेव म्हणाले, "ते काय तू माझ्यापुढं गप बसावं म्हनून?"

ते उठले, कंबरेवर हात ठेवून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवसापासून पाकिटं बंद झाली. शहादेव बंकटच्या दुकानाच्या वाटेनंच जायचे बंद झाले. सांची चार दिवस आकांत करून रडली, दारावर डोकं आपटलं, आबाच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले. पाचव्या दिवशी भुकेनं कळवळून अंगणवाडीत खिचडी खाल्ली. पंधरा दिवसांत भाकरीचा पापुद्रा मागायला लागली, महिन्याभरात शेंगोळ्यातला रस्सा वाटीनं प्यायला लागली. तिचे गाल भरू लागले. मोबाईलवरचा पिवळा रंग एक दिवस आपसूक हिरवा झाला. या वेळी कुणी काही लपवून भरलेलं नव्हतं. मनकर्णाताईंनी रूपालीच्या पाठीवर थाप मारली.

पोरगी सावरली, म्हातारा माणूस सावरला नाही. ते नातीला रागावले नव्हते, पण तिला अंगणवाडीतून आणायला आता जात नसत. "तिची आय आणील," एवढंच. पगारीचे पैसे येत, ते प्रवीणच्या हातात देत. रूपालीशी बोलणं त्यांनी टाकलं नाही, पण जे बोलायचं ते सांचीमार्फत. "आईला म्हन, पानी दे." "आईला म्हन, अर्धी भाकर आन." सांचीला त्या निरोप्यागिरीची मजा वाटायची. ती धावत आत यायची, निरोप सांगायची, उलटा निरोप घेऊन धावत जायची. दोन पावलांचं अंतर, आणि पोरगी त्यातून दिवसभर पळत राहायची.

एकदा रूपालीनं धीर केला. अंगणात जाऊन बाजेपाशी उभी राहिली. "मामा, उद्यापासून सांचीला तुमीच आणा की. एकला या, तिचं जेवन झाल्यावर. ती वाट बघती तुमची."

शहादेवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिची घडी सारखी केली. ती सारखीच होती.

"आता मला कशाला," ते म्हणाले. "माझ्या हातानं तिला बरं काय मिळालंय."

"असं नका बोलू, मामा."

त्यांनी पुन्हा टोपी घातली आणि कंबर सावरत गावातल्या बुद्धविहाराच्या बाजूला चालू लागले. हल्ली ते तासन्‌तास तिथल्या कट्ट्यावर बसून असायचे. रूपालीला वाटलं, मागून जावं, काहीतरी म्हणावं. वर्षभरापूर्वी, साध्या आवाजात, जेवताना म्हटलं असतं, "मामा, पोरीला हे पाकीट नको," तर दोन वाक्यांत भागलं असतं. कदाचित ते क्षणभर ओशाळले असते, आणि मग हसून "बरं" म्हणाले असते. ते शब्द आता तिच्या तोंडात तयार होते, पण त्यांना जायला जागाच उरली नव्हती.

आत कुकरची शिटी झाली. चवळी शिजली होती. सांची ओरडली, "आई, मला वाढ!" रूपाली आत गेली, पोरीचं ताट वाढलं, आणि दुसरं ताट वाढून वर परात झाकून ठेवलं. मामा कधी येतील, याचा नेम नव्हता.